बाबांच्या पाठीमागून

हिंगोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. बाबा तिथल्या डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते आणि मी अकरावीत. त्या वर्षी बाबा बदलले. हाक मारली तर उत्तर नाही, दिलंच तर भलतंच. आत्या म्हणायची, कुणीतरी करणी केली. आईला वाटायचं, माणसाचं घरातून मन उडालं. तिनं त्यांच्याशी बोलणंच सोडलं. मग आखाडा बाळापूरच्या फेरीत कंडक्टरनं घंटी मारूनही त्यांनी गाडी थांबवली नाही. प्रवासी भांडले, आणि डेपोत बाबा मुजोर ठरले.

मला काही हे पटेना. जेवताना समोर बसून विचारलं की ते बराबर बोलायचे. मन उडालेला माणूस ताटावर एक आणि अंगणात एक, असं कसं? मी लक्ष ठेवू लागले. त्यांची नजर माझ्या तोंडाकडे असली तरच उत्तर यायचं. एका रविवारी ते अंगणात चप्पल शिवत बसले होते. मी मागून स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. शेजारीण दारात आली. बाबांनी मान वर केली नाही.

आत्या चुकली, आई चुकली, हे कळल्याचं समाधान क्षणभरही टिकलं नाही. या कानांवर माणसांनी भरलेली गाडी चालत होती. आईला सांगितलं. "गप राय," ती म्हणाली. "नोकरी गेली तर खायचं काय?"

मला गप्प राहवेना. संध्याकाळी मी बाबांसमोर बसले. "बाबा, घंटी ऐकू येत न्हाई ना तुमाला?"

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. "आरशात कंडक्टरचा हात बघून चालवून राहिलो," ते म्हणाले. "गर्दी असली की दिसत न्हाई."

त्यानंतरही ते काही दिवस ड्युटीवर गेले. ते घरी येईपर्यंत मी दारातच बसून राहायचे. शेवटी त्यांनी स्वतःच डेपोत सांगितलं. तपासणी झाली, गाडी चालवणं सुटलं, टायरच्या गोदामात बसायचं काम मिळालं. आई पुन्हा त्यांच्याशी बोलू लागली, अगदी समोर बसून, सावकाश.

माझ्याशी मात्र ते फारसं बोलले नाहीत. मी समोर जाऊन बसले की मान वळवून रस्त्याकडे बघायचे. तेवढं केलं की माझं बोलणं आपोआप थांबायचं.