उस्तो म्हणवून न घेणारा खोलमुराद

समरकंदच्या बाजारात फुटक्या किटल्यांना टाके घालणारा एकच, खोलमुराद. चिनीमातीला बारीक भोकं पाडून पितळी तारेचा टाका असा आवळायचा की चहा थेंबभर गळायचा नाही. पण कुणी मानाने ‘उस्तो’, म्हणजे उस्ताद, म्हटलं की बिथरायचा. उस्तो नाही, अका म्हणा, नुसता दादा. शेजारचा चाकूवाला नाकात बोलून, मान तिरकी करून त्याची हुबेहूब नक्कल करायचा, आणि गिऱ्हाइकं किटली विसरून हसत बसायची.

बिथरण्याचं कारण साधं होतं. इथे कारागीर उस्तो होतो तो त्याच्या उस्तोने साक्षीला माणसं ठेवून कंबरेला शेला बांधला की. खोलमुरादला त्याचे उस्तो, फैझी बोबो म्हणजे फैझी आजोबा, बांधणार होते. पुलाव शिजला, पाहुणे जमले, आणि हा पठ्ठ्या पहाटेच्या गाडीने रशियात, कझानला, विटा वाहायला! नऊ वर्षांनी परतला तेव्हा बोबोंनी दार उघडलं नाही. त्यालाही बारा वर्षं झाली. आता बोबो नव्वदीचे, अंथरुणाला खिळलेले. ते गेले की शेला बांधणारं कुणी उरणार नव्हतं, आणि हे खोलमुरादला रोज टोचायचं.

अशात डॉक्टरकी शिकणारी सांगलीची एक मुलगी किटली घेऊन आली. उस्तो शब्द ऐकून तिने कान टवकारले. तिच्याकडे म्हणे कुस्ती शिकवणारा वस्ताद, सतार वाजवणारा उस्ताद, ट्रकवरचा क्लीनर ड्रायव्हरलाही उस्ताद म्हणतो, आणि बिलंदर माणूस तर वस्तादच वस्ताद. एवढा फिरलेला शब्द निघाला कुठून, तिने विचारलं.

खोलमुरादच्या डोक्यात भुंगा शिरला. शाळामास्तरांनी जुनी फारसी, त्याआधीची पहलवी सांगून हात वर केले. मग विचारायचं कुणाला? निमित्त मिळालं होतं. त्या मुलीची टाके घातलेली किटली घेऊन तो बोबोंच्या दारात गेला. सुनेने आत घेतलं.

“बोबो, उस्तो हे पहिल्यांदा कुणी कुणाला म्हटलं असेल?”

म्हाताऱ्याने प्रश्न कानाआड केला. किटली घेतली, तड्यावरून नख फिरवलं. “तिसरा टाका सैल आहे. एवढ्या वर्षांत हेच शिकलास?”

“शिकवणाऱ्याने दार लावून घेतलं होतं.”

“आणि पुलाव टाकून पळालं कोण? मी?”

खोलमुरादने खिशातून चिमटा काढून तिथेच टाका उसवला, नवा घातला. बोबोंनी पुन्हा नख फिरवलं, बराच वेळ. मग सुनेला पेटीतला शेला काढायला आणि शेजारच्या दोघांना बोलवायला सांगितलं. पडल्या पडल्याच त्यांनी शेला त्याच्या कंबरेभोवती घेतला, तर टोकं एकमेकांना भेटेनात.

“कझानला विटा वाहत होतास की खात होतास रे?”

खोलमुरादने पोट आत ओढलं. गाठ बसली, जेमतेम.

“तो शब्द कुठला, ते मीही माझ्या उस्तोला विचारलं होतं,” बोबो म्हणाले. “त्यालाही माहीत नव्हतं. श्वास सोड आता, उस्तो.”

खोलमुरादला तो सोडवेना.