शपथेवर लिहितो की मला झोप लागली

अन्याय कौसाबाईंवर झाला. संक्रांतीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, आमच्या तालुक्याच्या कोर्टात. त्या वेळी कौसाबाई कोर्टाच्या आवारातच होत्या. लिंबाखाली, फडक्यात बांधलेली भाकर मांडीवर घेऊन. तरी कागदावर त्या 'गैरहजर' ठरल्या आणि त्यांचा दावा निकाली निघाला. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे हसायच्या जागा आहेत, आणि हसता हसता मूळ मुद्दा विसरायची आपल्याला वाईट खोड आहे.

मी वकील. सनद मिळून चार वर्षं झाली. त्याआधी कॉलेजात असताना पत्रकं लिहायचे आणि चौकात उभं राहून वाटायचेही मीच. ज्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून काम करते ते आमचे सर एकावन्न वर्षांचे. तीन तालुक्यांच्या कोर्टांत प्रॅक्टिस. कुणीही फाइल घेऊन आलं की सर म्हणणार, "ठेवा, बघतो." 'नाही' हा शब्द मी त्यांच्या तोंडून फक्त उलटतपासणीत ऐकला होता, तोही साक्षीदाराकडून वदवून घेताना.

कौसाबाईंचा दावा रस्त्याचा. शेजाऱ्याने काट्या टाकून त्यांची शेताकडे जायची वाट अडवली. तेव्हापासून बाई दुसऱ्याच्या बांधावरून, डोक्यावर खताचं पोतं घेऊन शेत गाठतात. त्या दिवशी तारीख होती. कोर्टाचा शिपाई दारात येऊन तीनदा नाव पुकारतो, त्याला पुकारा म्हणतात. पुकाऱ्याला वकीलही नाही आणि दावा लावणाराही नाही, असं झालं तर दावा 'डिसमिस इन डिफॉल्ट'. म्हणजे तुमचं खरं की खोटं हे न बघताच बंद.

मी तेव्हा वरच्या मजल्यावर दुसऱ्या कोर्टासमोर सरांच्याच दोन मॅटरमध्ये पुढची तारीख मागत होते. खाली आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. धावत लिंबाखाली गेले.

"कौसाबाई, तुमचं नाव पुकारलं! ऐकू नाही आलं?"

"आलं की. तीन डाव आलं."

"मग आत का नाही गेलात?"

"वकीलसाहेबांनीच सांगितलं व्हतं, मी आल्याबिगर आत जाऊ नको, काय बी बोलशील अन् केस बिघडंल. मी लय ऐकते त्येंचं, माय."

हे सांगणं एकट्या सरांचं नाही. आमच्या बारमधले झाडून सगळे वकील पक्षकाराला हेच सांगतात. मीही सांगत होते. वकिलाचं ऐकलं म्हणून बाईंना शिक्षा झाली.

सरांचा फोन वाजत होता, उचलत कुणी नव्हतं. एक वाजता गाडी आली. सरांच्या गालावर सीटच्या शिवणीचा ठसा होता. सकाळी सेलूला, दुसऱ्या तालुक्याच्या कोर्टात, एक काम उरकून ते परत निघाले, देवगाव फाट्यावर चहाला थांबले, चहा यायच्या आत डोळा लागला. चहावाला म्हणे कप घेऊन गाडीपाशी आला आणि कप तसाच परत घेऊन गेला. नंतर त्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब रोज पळत येतेत, पळत जातेत. पहिल्यांदाच निवांत दिसले. कामून उठवावं?"

मला तो माणूस आवडला, पण दावा गेला होता.

दावा परत उभा करायला रिस्टोरेशनचा अर्ज लागतो. सोबत गैरहजेरीचं कारण सांगणारं वकिलाचं शपथपत्र. सर खुर्चीत बसले आणि सवयीने सांगू लागले, "लिहा वकीलबाई. येताना वाहन पंक्चर झाल्यामुळे..."

"नाही लिहीत."

"का?"

"सर, दिवाळीपासून कागदावर तुमची गाडी पाचदा पंक्चर झाली आहे. एवढ्या पंक्चरांत टायरवाल्याने बंगला बांधला असता."

"मग तब्येत लिहा."

"खरं लिहा ना. तुम्ही दमला आहात. तीन कोर्टं, एक माणूस. त्या बाईने तुमच्या झोपेची शिक्षा भोगायची आणि दोष टायरला?"

मी जरा मोठ्यानेच बोलले. सर चिडले. "पंचवीस वर्षं जोडलेली माणसं आहेत ही. एक कोर्ट सोडलं की उद्या बाररूममध्ये बोलतील, साहेब संपले."

"आणि तुमची डायरी कोण ठेवतं?" असंही ते म्हणाले. तो बाण बरोबर लागला. डायरी मीच ठेवते. एकाच सकाळी दोन तालुक्यांतल्या तारखा मीच टिपल्या होत्या आणि हूं की चूं केलं नव्हतं. चौकात साऱ्या जगाला जाब विचारणारी मी, ऑफिसात मात्र "येस सर."

कौसाबाई दाराशी बसून सगळं ऐकत होत्या. मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला दुसरा वकील करायचा असेल तर सर हरकत घेणार नाहीत."

"दुसरा कशाला? मला हेच पाहिजेत." मग सरांकडे बघून म्हणाल्या, "पण जागे पाहिजेत."

सर हसले. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले. आणि म्हणाले, "लिहा. देवगाव फाट्यावर गाडीत झोप लागली."

तारखेला न्यायाधीश मॅडमनी शपथपत्र वाचलं, वर बघितलं.

"पंक्चर नाही?"

"नाही, युवर ऑनर," सर म्हणाले. "चारही चाकं ठणठणीत होती. चालवणारा नव्हता."

समोरच्या वकिलांना त्यांचा 'से', म्हणजे अर्जावरचं म्हणणं, द्यायचं होतं. ते विरोधाची पूर्ण तयारी करून आले होते. त्यांनी शपथपत्र वाचलं, परत वाचलं, आणि आपला टाइप केलेला कागद खिशात घातला. "नो ऑब्जेक्शन. आज मी विरोध केला तर माझी पाळी येईल तेव्हा कुठल्या तोंडाने बोलू?"

कोर्टात खसखस पिकली. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "हे एकदा चालेल. पुन्हा झोप लागणार नाही, याची खात्री काय?"

"शेवटचा परिच्छेद पाहावा," सर म्हणाले.

शेवटचा परिच्छेद? मी लिहिलेल्या मसुद्यात तो नव्हताच. सरांनी नंतर हाताने लिहून टाइपिस्टला दिला होता. यापुढे फक्त याच कोर्टात काम करीन. बाकी दोन तालुक्यांतली प्रकरणं तिथल्याच वकिलांकडे सोपवीन. जुन्या वकिलाची हरकत नाही असा जो कागद द्यावा लागतो, ते सगळे कागद सह्या करून तयार आहेत. हे सगळं शपथेवर. म्हणजे आता परत मोह झाला तर खोट्या शपथेचं पाप.

दावा परत उभा राहिला. तो अजून चालू आहे, रस्ता अजून मिळालेला नाही, आणि त्याचा मला रोज राग येतो. पण परवाच्या तारखेला सरांनी शेजाऱ्याची दोन तास उलटतपासणी घेतली. त्या काट्या वाऱ्याने उडून आल्या, असं शेजाऱ्याने आधी सांगितलं होतं. दुसऱ्या तासात त्याने त्या स्वतः टाकल्याचं कबूल केलं. या वेळी कौसाबाई आत, पहिल्या बाकावर होत्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "आज जागे व्हते."

साहेब संपले, असं बाररूममध्ये कुणी म्हणालं नाही. उलट तीन वकील गुपचूप येऊन त्या शपथपत्राचा मसुदा मागून गेले. मी दिला नाही. म्हटलं, आपली झोप आपण लिहायची.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही वकील नसाल. डॉक्टर असाल, मास्तर असाल, तलाठी असाल, गावचा सगळा भार उचलणाऱ्या कुणी बाई असाल. "ठेवा, बघतो" म्हणून घेतलेलं आणि तुमच्याने होणार नाही असं एक तरी काम आत्ता तुमच्या टेबलावर आहे. त्या कामामागे कुणीतरी तुमच्यावर विश्वास ठेवून झाडाखाली बसलंय. हा कागद खाली ठेवा. त्या माणसाला फोन लावा. कारण खरं सांगा आणि 'नाही' म्हणा. उद्या नको, आज.