आईचा धीर
तळवलीतल्या त्या झुंजीचे कोंबडे पैदा करणाऱ्या गृहस्थाने घमेंडीपोटी गिऱ्हाईक परतवले, असे आमच्या सोसायटीत सांगतात. हे साफ खोटे आहे; मी तिथे हजर होतो.

त्याची रीत मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. इतर लोक नर निवडतात. हा तासन्‌तास कोंबड्यांच्या माद्यांसमोर उकिडवा बसतो. उंच, जोरकस लाथेच्या नराला तो मुद्दाम ठेंगणी पण न डगमगणारी मादी देतो. पिल्लात बापाची उंची आणि आईचा धीर एकत्र यावा म्हणून. यंदा त्या संकरातून एक देखणा कोंबडा निपजला. खारघरहून आलेला माणूस पैदाशीसाठी त्याच्यावरच अडून बसला.

"नाय देनार. उंची बापाची हाय, आईचा धीर नाय उतरला. कुत्रा भुंकला का पलतंय."

"अहो दादा, कोणाला कळणार?"

"पिल्लं पलायला लागली का कललंच की. चूक माजी हाय, ती तुमच्या खुराड्यात कशाला?"

चारचौघांत हे बोलताना त्याने मान खाली घातली नाही. घमेंड म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये. त्याच्या जागी मी असतो, तर चूक झाकून तो कोंबडा देऊन टाकला असता.