काहीच न ठेवणारी सोलापूरची कंपनी

पुण्यात एका कंपनीत नव्यानं लागलेल्या मुलामुलींना मी लोकांची माहिती सुरक्षित कशी ठेवायची ते शिकवते. जानेवारीतल्या एका वर्गात बोलता बोलता सांगून गेले, की मी सोलापूरला कॉलेजात असताना तिथल्या काही सायबर कॅफेंत ‘कोरी पाटी’ नावाचा प्रोग्राम असायचा. गिऱ्हाईक उठलं, की त्यानं काय पाहिलं, काय लिहिलं, कुठला पासवर्ड टाकला, ते सगळं पुसून संगणक पुन्हा कोरा व्हायचा. मागच्या बाकावरची मुलगी पटकन म्हणाली, "मॅडम, तो आमच्या पद्मक्कांनी केलेला! सोलापूरला आमच्या शेजारी राहतात त्या."

त्याच शनिवारी निघायचं ठरवलं. त्या प्रोग्राममुळे माझ्या आयुष्याची वाट बदलली होती, आणि आभार मानायला मला वीस वर्षांहून जास्त उशीर झाला होता.

माझे वडील, अप्पा, आता माझ्याकडेच असतात. त्यांनी बॅग पाहिली. "सोलापूरला व्हय? मग मी बी येतो की. तसंच म्होरं मंगळवेढ्याला जाऊ. नानाला बघून लई दिस झालं." नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. गावची शेती अजून तेच बघतात.

सकाळी सातला हडपसर सोडलं. जाणाऱ्यांसाठी सांगते, रस्ता उत्तम आहे, सरळ चौपदरी. उशीर केलात तर उसाच्या ट्रॉल्या भेटतात आणि त्यांना मागून दिवा नसतो, तेव्हा उजेडातच प्रवास करा. भिगवणला पोहे, मोहोळला चहा. मोहोळच्या टपरीवाल्यानं अप्पांना विचारलं, "कुटं निघाला पावनं?" अप्पा म्हणाले, "लेकीचं काम हाय. मी नुसता बसलोय गाडीत." बाराच्या आत सोलापुरात होतो. स्टेशनजवळ साधी, स्वच्छ खोली मिळाली. जेवायला कडक भाकरी, झुणका, शेंगाची चटणी आणि वर दही. दोघांचं मिळून तीनशेच्या आत भागलं. चटणी कमी मागाल तर पुन्हा मागावी लागेल.

चार वाजता पूर्व भागात गेलो. हा विणकरांचा भाग. गल्लीत शिरल्यापासून यंत्रमागांचा खडखडाट, दारात बसलेल्या बायकांचं तेलुगू, आणि तारांवर वाळत घातलेलं रंगीत सूत. पद्मक्कांचं घर त्यांच्या मागांच्या कारखान्याच्या वरच. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या. मी नाव सांगितलं, का आले ते सांगितलं. त्या हसल्या. "कोरी पाटीला शोधत पुण्याहून आलात? बसा की. काका, तुम्ही खुर्चीवर बसा."

त्यांची कंपनी म्हणजे हीच खोली होती. दोन संगणक, त्या आणि त्यांचा मोठा भाऊ, ज्याला त्या अण्णा म्हणत. अण्णा आता नाहीत.

"सुरुवात कशी झाली?" मी विचारलं.

"लाजेतून," त्या म्हणाल्या. "एकदा कॅफेत गेले, तर आधीच्या बाईची मेल उघडीच. डॉक्टरला लिहिलेलं पत्र होतं. मी अर्धं वाचलं. मग वाटलं, हे काय करतेय मी? त्या बाईला कधी कळणारसुद्धा नाही. घरी येऊन अण्णाला म्हटलं, यावर काहीतरी करायला पाहिजे."

दिवसा अण्णा माग बघायचे, संध्याकाळी दोघं प्रोग्राम लिहायची. मागांच्या आवाजात टाईप करायची सवय झाली, म्हणाल्या. पहिला कॅफेवाला हसला होता, "पुसायचे पैसे कोण देणार?" पण त्यानं प्रोग्राम बसवल्यावर मुली त्याच्याच कॅफेत यायला लागल्या, तसे बाकीचे आपणहून मागायला आले. एसटीच्या पार्सलनं बार्शीला, अक्कलकोटला प्रोग्रामच्या सीडी जायच्या.

मग एक व्यापारी आला. त्याला तोच प्रोग्राम हवा होता, फक्त एक बदल करून. दिसायला पुसल्यासारखं दिसावं, पण आत एक प्रत राहावी. आईबापांना, मालकांना दाखवता येईल अशी. त्यानं देऊ केलेल्या पैशांत खालचे सगळे माग नवे झाले असते.

"अण्णा म्हणाला, ही तर सुताला खळ चोपडून वजन वाढवल्यासारखी गोष्ट झाली. धुतल्यावर गिऱ्हाइकाला कळतंच. आम्ही नाही म्हटलं. पुढं मोबाईल आले, कॅफे बंद पडले, आमचंही संपलं." आवाजात कडवटपणा नव्हता. "कधी कधी वाटतं, कुणाच्या उपयोगी पडलं की नाही कोण जाणे. पुसणाऱ्याकडे पुरावा राहत नाही ना!"

तेव्हा मी माझी गोष्ट सांगितली. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. घरी नातेपुत्याचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मी मात्र कॅफेत बसून बंगळूरच्या एका संस्थेला मेल लिहीत होते. पुढे शिकायचं होतं, शिष्यवृत्ती मिळण्यासारखी होती. अप्पांना सांगायचं धाडस होत नव्हतं. एक दिवस कॅफेवाला म्हणाला, "काल तुमचे कुणी नातेवाईक आले होते. तुम्ही काय लिहिता ते दाखवा म्हणत होते. काही मिळालं नाही त्यांना." मी तडक होस्टेलवर आले आणि पुढच्याच रविवारी गावी जाऊन अप्पांना सगळं स्वतः सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जा."

पद्मक्का सरळ बसल्या. "फेटा होता का त्यांच्या डोक्याला? कॅफेवाल्यानं मला बोलावून घेतलं होतं. मी त्यांच्यासमोर मशीन उघडून दाखवलं. ते म्हणाले, काहीच ठेवत नसाल तर तुमचा उपयोग काय? मी म्हटलं, मामा, हाच उपयोग."

खाली माग चालू होते. अप्पा जमिनीकडे बघत होते.

"तो माझा भाऊ, नाना," ते म्हणाले. "त्याला मीच धाडलं हुतं."

कॅफेवाल्यानं केलेल्या वर्णनावरून ते नाना, हे मी तेव्हाच ओळखलं होतं; पण वीस वर्षं मला वाटत होतं, की ते स्वतःच्या मनानं गेले होते. मी त्यांच्यावर मनात राग धरून होते.

"कुणीतरी सांगितलं, पोरगी रोज तितं बसती. माझं डोस्कं फिरलं. त्या दिवशी हिचं लिवलेलं घावलं असतं, तर हिला गाडीत घालून घरी नेलं असतं. शिक्षाण बंद." अप्पांनी पद्मक्कांकडे पाहिलं. "घावलं न्हाय. मग ही आपणहून आली, समोर बसून बोलली. पोरगी तोंडानं सांगती तवा ऐकावं लागतं. बाई, तुमी लई उपकार केलं. हिच्यावर न्हाय, माझ्यावर."

पद्मक्कांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, परत कपाळावर सरकवला. "थांबा, चहा टाकते," म्हणाल्या आणि आत गेल्या. चहा यायला फार वेळ लागला. मी अप्पांचा हात धरून बसले होते. निघताना पद्मक्कांनी दोन टॉवेल हातात ठेवले आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवेढा, सोलापूरहून तासाभराची वाट. जानेवारीत इथं जावंच. काळ्या रानात डोक्याच्या वर गेलेली ज्वारी आणि गरम हुरडा. नाना बांधावर कणसं भाजत होते. अप्पांनी टेकायच्या आत विषय काढला. "नाना, त्या टायमाला तुला कॅफेत धाडलं, ते माझं चुकलं."

नाना कणीस चोळत राहिले. "दादा, तितनं बाहेर पडलो तवा मला लई बरं वाटलं हुतं. काय निघालं असतं तर सांगावं लागलं असतं की तुला."

मग माझ्या ओंजळीत त्यांनी गरम दाणे ओतले. इतकी वर्षं मी या माणसाशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. त्या दुपारी भरपूर बोललो.

सोमवारी पुण्यात परत. टॉवेल वापरात आलेत, तिथून बांधून आणलेली चटणी संपत आलीय. मी ज्या कामाचा पगार घेते, ते काम दोन माणसांनी मागांच्या आवाजात, कुणी शाबासकी न देता करून ठेवलं होतं, हे आता रोज आठवतं. 

काल अप्पा फोन घेऊन आले. "याला कुलूप घालून दे की."

"अप्पा, तुम्हाला काय लपवायचंय?"

"काय न्हाय," ते म्हणाले. "पण सांगायचं आसंल ते मी सांगीन."

मी फोन त्यांच्या हातात दिला, आकडे कुठं टाकायचे ते दाखवलं, आणि ते टाकत असताना तोंड दुसरीकडे फिरवलं.