साध्या चेहऱ्यावरचा राग

तीन माणसं एका टेबलाभोवती वर्षानुवर्षं बसली की किस्से आपोआप साठतात, कुणी मुद्दाम जमवायला जात नाही. घाटंजीला बाजाराच्या दिवशी आमची मनाच्या आजारांची ओपीडी असायची. बोंडअळीने कापूस खाल्ला ती वर्षं, त्यामुळे बाजारात गर्दी कमी आणि आमच्याकडे जास्त! यवतमाळहून येणारे डॉक्टर, शिपाई देवरावभाऊ आणि समुपदेशक म्हणून मी. लोकांना वाटतं, तिथे नुसती रडारड असेल. छे! पोट धरून हसलोय आम्ही तिथे.

*

डॉक्टरांना एक नाद होता. पेशंटला चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे आणि विचारायचं, "हा माणूस कसा वाटतो?" उदास माणसाला साध्या चेहऱ्यातही राग दिसतो, असं त्यांचं म्हणणं. फोटो मात्र परदेशी. एका आजीबाईंना त्यांनी डोळे विस्फारलेली गोरी बाई दाखवली. घाबरलेली, असं उत्तर हवं होतं.

आजी म्हणाल्या, "इले कायची भीती? इच्या घरी एसी असन!"

परदेशी फोटो त्याच दिवशी कपाटात गेले.

*

मग आपल्याच माणसांचे फोटो काढायचं ठरलं. मी रडले, डॉक्टर घाबरले. देवरावभाऊंना सांगितलं, "खूप उदास व्हा." बिचाऱ्यांनी जीव तोडून तोंड पाडलं.

तो फोटो त्यांच्या बायकोने पाहिला आणि विचारलं, "आज डब्यातली भाजी आवडली नाही का?"

शेवटी त्यांचा साधा, काहीच भाव नसलेला फोटो तेवढा कामाला आला.

*

त्या फोटोसमोर कुसुमबाई पहिल्यांदा बसली तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. ती कापूस वेचायला जायची, ते तिने सोडलं होतं. का, तर सोबतच्या बाया तोंडं वाकडी करतात. आणि नामदेव, तिचा नवरा, सायकली दुरुस्त करणारा अबोल माणूस, तो तर सदाच रागात!

"मी ह्यांले नकोशी झाली, ताई. मले मारेगावले भावाकडे धाडून द्या. कायमची."

नामदेव दाराशी उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते, आणि तिला त्यातही राग दिसत होता. मला फार वाईट वाटलं. संसार मोडायला निघाला होता, तोही न केलेल्या भांडणापायी.

देवरावभाऊंचा साधा फोटो पाहून ती म्हणाली, "हा भाऊबी माह्यावर चिडला."

"मी?" देवरावभाऊ मागून ओरडले. "मी त आत्ताच चहा घेऊन आलो!"

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. माहेरी जायचं ते बरं वाटल्यावर ठरवू, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

*

पुढच्याच खेपेला नामदेव लवकर आला. गोळ्या संपल्या म्हणे! इतक्या लवकर कशा? चौकशी केली तर कळलं, त्यांच्या घरी एकट्याने काही खायची पद्धतच नाही.

"एकटीनंच औषध खायाचं म्हंजे तिले वाईट वाटन," नामदेव म्हणाला. "म्हून मीबी घेतली, बुढीलेबी देली."

डॉक्टर खुर्चीतून उठले. "अरे, गोळी म्हणजे पेढा आहे का!"

बुढीला, म्हणजे नामदेवच्या आईला, लगेच बोलावून तपासलं. ती ठणठणीत होती. "झोप मस्त लागली," एवढीच तिची तक्रार!

*

काही आठवड्यांनी कुसुमबाई आली ती कुरकुरतच. "काईच फरक नाही. मन लागत नाही. कायले देता ह्या गोळ्या?"

डॉक्टरांनी तोच साधा फोटो पुढे केला.

"हा? हा कायले चिडन? याले भूक लागली असन."

डॉक्टर खूश! ती मात्र भडकली. "मी सांगून राह्यली फरक नाही, अन् तुमी हासून राह्यले?"

नंतर डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, पण पुष्कळदा गोळीने मन लगेच हलकं होत नाही. मेंदूला प्रत्येक चेहऱ्यात राग दिसायची सवय लागलेली असते, ती आधी सैल पडते. मग माणूस लोकांत बसू लागतो आणि मन मागाहून सावरतं.

देवरावभाऊ म्हणाले, "म्हंजे बैल वळले, पन गाडीवान अजून झोपलाच हाय."

डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

*

मग एका बाजाराच्या दिवशी दोघं आली. कुसुमबाई नव्या लुगड्यात, हातात पिशवी. मागून नामदेव, लालबुंद.

"कुठे निघालात?" मी घाबरतच विचारलं.

"मारेगावले," नामदेव कडाडला. "भाच्याचं लगन हाय इच्या! म्या स्टँडवर जागा धरून ठेवली, अन् ही वेचनीच्या बायांसंग गोष्टी करत बसली. बस गेली ना!"

कुसुमबाई पदर तोंडाला लावून खुदूखुदू हसत होती.

"पाहा, पाहा डॉक्टरसाहेब! पह्यले मी चिडलो नसतानी रडे. आता खराच चिडलो, त हासते! गोळी जराशी कमी करता का?"

डॉक्टरांनी कुसुमबाईकडे पाहिलं. "काय हो, खरंच चिडलेत का हे?"

तिने हसू आवरलं, नवऱ्याचा चेहरा नीट निरखून पाहिला.

"हव," ती म्हणाली. "आज चिडले."