शेजारणीचा उपास

उपवासकाळात मी चहा सोडते. सोडते म्हणजे सगळ्या शाळेला कळेल अशा बेतानं सोडते. मधल्या सुट्टीत कप पुढं आला की हात आडवा करायचा, आणि कुणी "काहून?" म्हटलं की डोळे खाली करून सांगायचं, आमचे चाळीस दिवस सुरू आहेत. ही खोड जुनी आहे. एका वर्षी तिच्यापायी मी दुसऱ्याचं घर उघडं पाडलं. ते सांगायची लाज वाटते, म्हणूनच लिहून काढते आहे.

केळापूरच्या अलीकडं, चर्चच्या मागं आमची वस्ती होती. बावीस घरं, सगळी कॅथलिक. गावात आम्हाला 'फादरवाले' म्हणत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, नवरा एसटीत. दर महिन्याला पगार येणारी घरं वस्तीत चारच, त्यामुळं कुणी न नेमताच मी तिथली शहाणी बाई झाले होते. कुणाचा अर्ज लिहायचा असो, कुणाचं भांडण मिटवायचं असो, मी हजर. चर्चमधली बायबलची वाचनंही मीच करायचे.

माझ्या भिंतीला भिंत लागून जी बाई राहायची, तिचा नवरा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायच्या कामावर होता. घरात सासू आणि दोन मुली. कापसाची ती वर्षं सगळ्यांनाच वाईट गेली. एरवी होळी उलटून गेली तरी चालणारी जिनिंग त्या वर्षी संक्रांतीनंतर पंधरा दिवसांत बंद पडली, कारण कापूसच आला नाही. नवरा वणीला कोळशाच्या ट्रकांवर काही काम मिळतं का बघायला गेला. तिला विचारलं की ती म्हणायची, भाऊ पाठवतो थोडंफार, चाललंय. आम्ही मान डोलवायचो. चाललंय म्हटलं की विचारणाऱ्याची सुटका होते.

मग राखेचा बुधवार आला. कपाळाला राख लावून आमचा उपवासकाळ सुरू होतो तो थेट ईस्टरपर्यंत. त्या दिवशी संध्याकाळच्या प्रार्थनेत वाचन मीच केलं. दान गुपचूप करा, प्रार्थना दार लावून करा, उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, असं त्यात आहे. खणखणीत वाचलं. एक उच्चार चुकला नाही.

आम्ही बाकीचे शुक्रवारी एक वेळ जेवायचो. शेजारीण म्हणाली, आमचं घर यंदा चाळीसही दिवस एकाच वेळेला जेवणार. वस्ती थक्क झाली. फादरांनी रविवारच्या प्रवचनात नाव न घेता कौतुक केलं, आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. तिच्या मुली तर शाळेत मिरवत. थोरली दहा वर्षांची, माझ्याच वर्गात. डबा आणला नाही म्हणून कुणी विचारलं की हनुवटी वर करून सांगायची, "आमचा येशूसाठी उपास हाय." मला, खरं सांगते, जळफळाट झाला. मीही एकवेळचं जेवण सुरू केलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी पोह्यांच्या पातेल्यासमोर माझी भक्ती आटोपली.

एका शनिवारी दुपारी तिचं सूप परत द्यायला मी मागच्या दारानं गेले. चुलीवर पातेलं होतं. त्यात ज्वारीच्या कण्या शिजत होत्या, चार माणसांसाठी मूठभर, बाकी पाणी. शेजारी ज्वारीचा डबा उपडा घातलेला. तिनं माझ्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, आणि आता लपवण्यात अर्थ नाही हे तिच्या लक्षात आलं असावं.

"ताई, यंदा उपास बरा टायमावर आला," ती म्हणाली. "पोरी इचारत नाहीत, लोकं बी इचारत नाहीत. ईस्टरपावतर काही ना काही होईल. तुमच्यापाशीच राहू द्या."

मी गळ्यातल्या क्रूसाला हात लावून कबूल केलं.

त्याच संध्याकाळी पायलीभर ज्वारी भिंतीवरून पलीकडं ठेवायला मला काय झालं होतं? घरात पोतं होतं. पण मी विचार केला की उपवासकाळाचं दान शेवटच्या रविवारी चर्चमध्ये वेदीसमोर ठेवतात, तिथं देऊ, मग फादर बघतील कुणाला द्यायचं ते. शिस्तीत होईल. शिस्त हा माझा लाडका शब्द आहे. त्याच्याआड काय काय लपतं ते मला तेव्हाही माहीत होतं.

दर शुक्रवारी आमच्यात क्रूसाची वाट होते. येशूच्या दुःखाची चौदा स्थानं एकेक करून म्हणायची आणि शेवटी ज्याला जे मागायचं ते मोठ्यानं देवाजवळ मागायचं. पुढच्या शुक्रवारी ही वाट माझ्या अंगणात होती. सारी वस्ती बसलेली, फादर खुर्चीवर. विनंत्या सुरू झाल्या. कुणी पाऊस मागितला, कुणी दहावीचा निकाल, एका आजीनं गुडघे. माझी पाळी जवळ येत होती आणि मला काहीतरी वजनदार हवं होतं. मी शिक्षिका, अंगण माझं, गुडघ्यांच्या पुढं काही नको का?

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी डोळे मिटून म्हटलं, "हे प्रभू, आमच्यातल्या एका घरात उपास म्हणून नव्हे, तर दाणा नाही म्हणून चूल पेटत नाही. गाठी बांधायचं काम गेलं. त्या लेकरांकडं पाहा."

नाव मी घेतलं नाही. बावीस घरांत जिनिंगला जाणारा माणूस एकच होता.

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक," सगळे म्हणाले. माझ्या मागं, दोन माणसं सोडून, तीही म्हणाली. तिचा आवाज मी ओळखला. पुढची विनंती सुरू होण्याआधी थोरलीनं विचारलं. तिला हळू बोलायचं होतं, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"माय, मंग आपला उपास नव्हता का व?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिची मूठ मी उघडली, तीही देवाचं नाव घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिच्या दारात रीघ लागली. कुणी तांदूळ, कुणी डाळ, कुणी जुने फ्रॉक. आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, आम्हाला आधी काहून नाही सांगितलं? ती दारात उभी राहून सगळ्यांकडून घेत होती. मी सर्वांत मोठं पोतं नेलं. बोलायला तोंड उघडलं तर तिनंच मला थांबवलं.

"देवाले सांगतलं ताई तुम्ही," ती म्हणाली. "त्याले तं माहीतच होतं."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. पुढं मी फादरांकडं पापकबुली दिली. ते म्हणाले, हेतू चांगला होता. माझा हेतू काय होता ते त्यांना कुठं ठाऊक, आणि मीही त्यांना पुरतं सांगितलं नाही.

थोरली त्यानंतर चर्चला आली नाही. वर्गात आता रोज डबा आणायची आणि झाकण उघडून सगळ्यांना दिसेल असा ठेवायची.

गुड फ्रायडेला आमच्यात लहान मूलसुद्धा दुपारपर्यंत काही खात नाही. भर उन्हात क्रूसाची वाट वस्तीतून निघाली. मी पुस्तक घेऊन पुढं होते. त्यांच्या घरावरून वळलो तर थोरली उंबऱ्यावर बसलेली. हातात अख्खी भाकर, वर तिखट. ती घाई न करता एकेक घास खात होती आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होती. आई तिच्या मागं उभी होती. तिनं पोरीला आत बोलावलं नाही.

"पाहा," माझ्या पाठीमागून कुणी म्हणालं. "आपलं धान्य खाऊन आजच्या दिवशी बी उपास नाही."

हनुवटी वर करून उपास सांगणारी ही पोर आता काय दाखवते आहे ते त्या गर्दीत मला एकटीला पुरतं कळलं होतं. वळून दोन शब्द बोलले असते तरी पुरे होतं. मी पुस्तकात डोकं घातलं आणि पुढच्या स्थानाची प्रार्थना सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हटली.