दाराआड काय चालू होतं

दिगंबर गेल्याची बातमी शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीच टाकली, आणि टाकतानाही घोळ घातला. डोळ्यांपुढं सगळं पुसट, त्यात चष्मा त्याच्याच उशाशी राहिलेला. 'आपले इंग्रजीचे दिगंबर सर दुपारी गेले' या ओळीखाली हात जोडायचे होते, तिथं केक गेला. मेणबत्त्या लावलेला. लगेच पुण्याच्या एका पोरानं सरांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तेलगावच्या एकीनं रडका चेहरा टाकला, आणि तिसऱ्यानं अदबीनं विचारलं की सर, नेमकं काय समजायचं? मला तो केक काही काढता येईना. दिगंबर असता तर दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचं वाक्य झालं असतं... माझ्या प्रत्येक घोळाचं तो इंग्रजीत वाक्य करायचा.

घाटनांदूरच्या एकाच शाळेत आम्ही दोघं म्हातारे झालो. तो इंग्रजी शिकवायचा, मी खेळाचा मास्तर. अपूर्ण भूतकाळ आला की तो माझी शिट्टी मागून न्यायचा आणि मी तासभर मैदानावर घसा फोडत बसायचो. त्याची रीत अशी, की एका पोराला वर्गाबाहेर काढायचं आणि दार लावून घ्यायचं. आत बाकीच्यांनी वाटेल ते करायचं. कुणी बाकाखाली शिरायचं, कुणी फळ्यामागं लपायचं, कुणी खिडकीत बसून खोटं खोटं दाढी करायची. शिट्टी वाजली की बाहेरच्यानं दार उघडायचं, सगळे जागच्या जागी थिजायचे, त्यानं एकदाच नजर फिरवायची. मग सगळे शहाण्यासारखे बाकावर बसले, की त्यानं सांगायचं: मी दार उघडलं तेव्हा कोण कुठं काय करत होतं. ही, शी, दे. ऑन, अंडर, बिहाइंड. पोरं वर्ष संपलं तरी हे विसरायची नाहीत. शेजारच्या वर्गाचे मास्तर मात्र आमच्या नावानं बोटं मोडायचे.

उजळणीच्या वाक्यांत माणूस लागायचा तो मी. एकदा तपासणीला साहेब आले. मला दोन तास मोकळे होते आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून मी पाण्याच्या टाकीमागं भज्यांचा पुडा सोडून बसलो होतो. तेवढ्यात साहेबांच्या मागोमाग वर्गात हजर राहा म्हणून निरोप आला. साहेबांनी टाकीकडच्या खिडकीशी बसलेल्या एका चुणचुणीत पोरीला उभं केलं, एक वाक्य बोल म्हणाले. तिनं सरळ माझ्याकडं बोट केलं: "ही वॉज ईटिंग भजी बिहाइंड द वॉटर टँक." साहेब खूश. वाक्य अगदी बरोबर आहे म्हणाले, पण हे गृहस्थ कोण? मी मिशीला लागलेलं तेल पुसत होतो. दिगंबर शांतपणे म्हणाला, "काल्पनिक हायत, साहेब." बाहेर आल्यावर मी त्याला धरला, तर म्हणतो कसा, "तुज्यामुळं पोरीला बक्षीस भेटलं बे. गप बस."

मागच्या हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून घरी आणला तेव्हा उजवी बाजू गेलेली आणि जीभ गेलेली. मराठीसुद्धा नाही. जन्मभर बोलून पोट भरलेला माणूस, पाणी हवं तर नुसता घशातून आवाज काढायचा आणि मग भिंतीकडं तोंड फिरवायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की याला बोलतं करा, जितकं उशिरा तितकं अवघड. वहिनी रोज विचारायच्या, "भाऊजी, येईल का ओ बोलाया?" मी छातीठोकपणे येईल म्हणायचो आणि घरी येऊन जेवायचो नाही. मला बाकी काही नको होतं. त्यानं मला एकदा बे म्हणावं, बस.

सुचलं ते त्याचंच. आता बाहेर जायचो मी. दार लावून अंगणात उभा राहायचो. आत त्यानं डाव्या हातानं काहीतरी करायचं आणि झालं की स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचा. मग मी आत जाऊन माझ्या इंग्रजीत सांगायचो. पहिल्या दिवशी त्यानं चष्मा उशीखाली सारला होता. मी ठोकून दिलं, "शी वॉज पुटिंग चष्मा अंडर द उशी." त्याचे डोळे असे तापले... ओठ वाकडे झाले, मान हलली, आणि कितीतरी वेळानं शब्द आला, "ही." लोक नंतर म्हणाले, काय युक्ती केली सरांनी. युक्ती कसली, मला खरंच येत नव्हतं. वहिनी चुलीवरचं दूध तसंच सोडून दारात येऊन रडत होत्या. पुढं अंडर आलं, ऑन आलं, आणि एका सकाळी मी उशीला गादी म्हणालो तेव्हा अख्खं आलं, "उशी हाय बे." मी बाहेर जाऊन अंगणातल्या टाकीच्या नळाखाली तोंड धुतलं.

त्या दुपारी वहिनी वर कपडे वाळत घालत होत्या. मी दार लावलं, अंगणात उभा राहिलो. चमचा वाजेना. म्हटलं, आज बेत मोठा दिसतोय. शेजाऱ्याशी कापसाचं बोललो, पुन्हा दाराशी आलो, कान लावला. शेवटी आपणच टकटक करून शिरलो. त्यानं चादर तोंडावर ओढून घेतली होती, तिचं टोक डाव्या मुठीत. मला हसू फुटलं. मी म्हणालो, ही वॉज हायडिंग अंडर द चादर. चूक नव्हती म्हणून तो काही बोलला नाही, असं मला वाटलं. म्हणून मी मुद्दाम चुकलो. शी वॉज हायडिंग, म्हणालो. मग मोठ्यानं म्हणालो. मग त्याची मूठ हातात घेऊन म्हणत राहिलो, शी, शी... वहिनी जिना उतरून आल्या तेव्हाही मी तेच म्हणत होतो. चादर त्यांनी बाजूला केली.

परवा त्यांच्याकडं गेलो होतो. त्या खोलीतून मला आणायचा होता माझा चष्मा. वहिनी पुढं झाल्या, स्वतःच्याच घरात त्या दारावर दोनदा टकटक केली आणि थांबल्या. मी काही विचारलं नव्हतं, तरी माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "एकदम कसं शिरावं, भाऊजी... त्यांचं काई चालू असंल."

आम्ही दोघंही बाहेर उभे राहिलो. जरा जास्तच वेळ.